फीट एक, नावे अनेक

१९८९ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या घरी एक कपबशी फुटली. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, मोदी नंबर दोनच्या गल्लीत आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत चकल्या तळणे चालले होते. माझी धाकटी बहीण, वय पंधरा, आईला सोऱ्या फिरवून देत जागी होती. पहाटे चारला उठवून आईने तिला उटणे लावले, कढत पाण्याने न्हाऊ घातले. न्हाऊन ती चहा घेऊन बाहेर आली आणि तिच्या खांद्याला एक हिसका बसला. कपबशी हातातून उडून भिंतीवर आपटली. "सणासुदीला फोडलीस! हिच्या हातात काही टिकतच नाही," आई म्हणाली. बहिणीने "आपोआप झालं गं," एवढेच म्हटले. आणखी दोन हिसके बसले आणि ती कोसळली. अंग लाकडासारखे ताठ झाले, तोंडातून किंचाळीसारखा आवाज आला, मग हातपाय आचके देऊ लागले. ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला.

शेजारच्या काकांनी चप्पल नाकाशी धरली. आजीने मला कांदा फोडायला पाठवले. मी कांदा फोडून आणेपर्यंत आचके थांबले होते, आणि श्रेय कांद्याला मिळाले. आजी म्हणाली, "फेफरं आहे." वडिलांनी दार लावून घेतले आणि आम्हा सगळ्यांना बजावले, "बाहेर शब्द काढायचा नाही. मुलीची जात आहे."

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाल्यावर बर्डीवरच्याच एका औषधाच्या दुकानात काउंटरवर लागलो आणि तीस वर्षे तिथेच उभा राहिलो. पण त्या पहाटे नेमके काय घडले, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे. फुटपाथवर विकायला येणाऱ्या वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांपासून सुरुवात झाली, पुढे धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दुपारच्या निवांत वेळी प्रश्न विचारले, आणि इंटरनेट आल्यावर मूळ लेख वाचायला शिकलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

काउंटरवरचा प्रश्न

दुकानात लागून महिना झाला नसेल, काटोलकडचे एक शेतकरी आले. डोक्याला गमछा, हातात दहाच्या नोटा. म्हणाले, "फीटची गोळी द्या." चिठ्ठी नव्हती. गावातल्या दुसऱ्या एकाला ज्या गोळीने आराम पडला, ती त्यांना नातवासाठी हवी होती. मालकांनी त्यांना समजावून परत पाठवले. मी मात्र विचारात पडलो. त्याच दिवशी फीटच्याच तीन रुग्णांच्या चिठ्ठ्या माझ्या हातून गेल्या होत्या. एकीवर फेनिटॉइन होते, दुसरीवर कार्बामाझेपिन, तिसरीवर सोडियम व्हॅल्प्रोएट. रोग एकच, तर औषधे तीन का?

याचे उत्तर एका वाक्यात देता येते. रोग एकच नव्हता. आपण 'फीट' म्हणतो तो एक शब्द आहे. त्याच्या पोटात अनेक प्रकारचे झटके आणि अनेक आजार आहेत. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याचा त्रास वाढवू शकते. म्हणूनच डॉक्टर आधी वर्गीकरण करतात. आणि हे वर्गीकरण यंत्रापासून सुरू होत नाही, ते घरातल्या माणसाने काय पाहिले आणि ते कसे सांगितले, तिथून सुरू होते. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचा लेख म्हणजे त्याचा पुरावा.

चरकाने विचारलेला प्रश्न

मराठीत या दुखण्याला शब्द भरपूर आहेत. फेफरे, घुरे, आकडी, झटके, आपल्या विदर्भात मिरगी, आणि इंग्रजीतून आलेली फीट. पण हे सगळे शब्द बहुधा एकाच दृश्याचे वर्णन करतात: पडलेला, आचके देणारा, तोंडाला फेस आलेला माणूस. जो पडत नाही, नुसताच दहा सेकंद हरवतो, त्याच्यासाठी लोकभाषेत आजाराचा शब्दच नाही. त्याला आपण 'तंद्री लागली' म्हणतो.

'अपस्मार' हा संस्कृत शब्द यापेक्षा खोल पाहतो. स्मृती निघून जाणे, हा त्याचा अर्थ. पडणे किंवा आचके यांपेक्षा भान हरपण्यावर त्याचा भर आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात चार प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोष एकत्र आलेला सान्निपातिक. दोषांची ती उपपत्ती आज कोणी न्यूरॉलॉजिस्ट वापरत नाही. पण चरक प्रकार ओळखतो कशावरून, हे पाहण्यासारखे आहे. फेसाचा रंग, दात खाणे, कंप या खुणांबरोबर पडण्यापूर्वी रोग्याला काय दिसते, हेही तो नोंदवतो. वातज अपस्मारात काळसर-तांबूस रूपे, पित्तजात पिवळी-लाल, कफजात पांढरी. आणि कफज रोगी भानावर यायला वेळ लागतो, हेही. म्हणजे झटक्याची सुरुवात कशी झाली आणि शेवट कसा झाला, हे दोन प्रश्न त्याने विचारले होते. आजचा डॉक्टरही पहिल्यांदा तेच विचारतो.

ग्रीसमध्ये याच दुखण्याला 'पवित्र रोग' म्हणत. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील एका ग्रंथाने त्याचे मूळ देवाच्या कोपात नसून मेंदूत आहे, असे स्पष्ट मांडले. ते पटायला जगाला फार काळ लागला. आपल्याकडे तर अजूनही पुष्कळ रुग्ण आधी मांत्रिकाच्या दारातून जाऊनच डॉक्टरकडे पोचतात.

आधी हे ठरवायचे: हा झटका आहे का?

नागपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा पंचेचाळीसच्या वर, व्हेरायटी चौकात बसची वाट पाहत उभी असलेली एखादी मुलगी अचानक कोसळते, हातपाय दोन-तीनदा हलतात, आणि बघे म्हणतात, "फीट आली." अनेकदा ती साधी घेरी असते. मेंदूला रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. आडवे केले की अर्ध्या-एक मिनिटात माणूस उठून बसतो आणि आपण कुठे आहोत हे त्याला लगेच कळते. घेरीतही थोडे आचके येऊ शकतात, म्हणून गल्लत होते. मोठ्या झटक्यात याउलट बहुधा ओठ निळे पडतात, जीभ कडेला चावली जाते, आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला, गुंगीत असतो.

दुसरा गट चिथावलेल्या झटक्यांचा. रक्तातली साखर किंवा सोडियम फार खाली जाणे, उष्माघात, लहान मुलांचा तीव्र ताप, रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद करणे, अशा कारणांनी निरोगी मेंदूतही झटका येतो. कारण दूर झाले की तो थांबतो. याला अपस्मार म्हणत नाहीत.

तिसरा गट सर्वांत जास्त अन्याय सोसणारा आहे. मनावरच्या ताणातून शरीरात उमटणारे झटके हुबेहूब फीटसारखे दिसतात, पण त्या वेळी मेंदूत अपस्माराची विद्युत गडबड नसते. डोळे घट्ट मिटलेले, झटका लांबत जाणारा, कमीजास्त होणारा. हे सोंग नव्हे, रुग्ण ते मुद्दाम करत नाही. पण अपस्माराच्या गोळ्यांनी ते थांबत नाही आणि वर्षानुवर्षे नुसता डोस वाढत जातो. अशा चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत.

गडबड कुठून सुरू झाली?

एकदा झटका अपस्माराचा आहे हे ठरले, की पुढचा प्रश्न: तो मेंदूच्या एका भागात सुरू झाला की दोन्ही बाजूंना एकदम?

बर्डीच्या वाचकांना मेट्रोचा दाखला सोयीचा पडेल. सीताबर्डी इंटरचेंजला खापरीची नारिंगी मार्गिका आणि लोकमान्य नगरची निळी मार्गिका एकमेकींना छेदतात. बिघाड एखाद्या टोकाच्या स्थानकावर झाला, तर तेवढाच पट्टा अडतो. कदाचित हळूहळू गोंधळ पसरत सगळीकडे पोचतो. पण बिघाड इंटरचेंजच्या यंत्रणेतच झाला, तर चारही दिशा एकाच क्षणी ठप्प होतात. मेंदूतही अशी दूरवर जोडलेली जाळी असतात. एका जागी सुरू होणाऱ्या झटक्याला डॉक्टर 'फोकल' म्हणतात, म्हणजे स्थानिक. दोन्ही गोलार्धांच्या जाळ्यांना एकदम वेढणाऱ्याला 'जनरलाइज्ड', म्हणजे सर्वव्यापी.

स्थानिक झटक्याचे मर्म पहिल्यांदा नीट उलगडले ते लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी, १८६० आणि १८७० च्या दशकांत. काही रुग्णांत आचके अंगठ्यापासून सुरू होतात, मग मनगट, दंड, चेहरा असे ठरावीक वाटेने चढतात, हे त्यांनी रुग्णांजवळ बसून पाहिले. त्यावरून त्यांनी ताडले की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या अवयवांची जणू रांगेने मांडणी असावी. हातात कोणतेही यंत्र नसताना, निव्वळ निरीक्षणातून हा निष्कर्ष निघाला. आजही अशा चढत जाणाऱ्या झटक्याला जॅक्सनचेच नाव आहे.

यंत्र नंतर आले. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूचे विद्युत तरंग टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. हाच आपला ईईजी. १९३५ मध्ये बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवले की मुलांच्या 'हरवण्याच्या' झटक्यात सेकंदाला तीन या ठेक्याने उंच टोके आणि लाटा उमटतात. चेहऱ्यावर तंद्री दिसते आणि कागदावर वादळ. तरी एक लक्षात ठेवायला हवे: ईईजी पाऊण तासात मेंदू जे करतो तेवढेच दाखवतो. अपस्मार असलेल्या अनेकांचा पहिला आलेख अगदी नॉर्मल येतो. "ईईजी नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही," हे वाक्य मी काउंटरवर किती वेळा ऐकले असेल, आणि ते दर वेळी खरे नव्हते.

या सगळ्या ज्ञानाला एक सामायिक भाषा देण्याचे काम १९०९ मध्ये बुडापेस्टला स्थापन झालेली अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटना करते. पूर्वी 'ग्रँड माल' आणि 'पेटिट माल' अशी फ्रेंच नावे चालत. अर्थ फक्त 'मोठे दुखणे' आणि 'छोटे दुखणे'. संघटनेने १९८१ मध्ये झटक्यांची, १९८९ मध्ये अपस्माराच्या आजारांची यादी बांधली. २०१७ मध्ये दोन्हींची फेरमांडणी झाली आणि २०२५ मध्ये झटक्यांच्या यादीत पुन्हा सुधारणा झाली. आजच्या यादीत चार मुख्य वर्ग आहेत: स्थानिक, सर्वव्यापी, या दोन्हींपैकी कोणता हे न कळलेला, आणि वर्गच न लावता येणारा. त्यांत मिळून झटक्याचे २१ प्रकार बसतात.

सर्वव्यापी वर्गात अंग ताठ होऊन आचके येणारा मोठा झटका आहे, क्षणभर हरवण्याचा आहे, विजेचा धक्का बसावा तसा एकच हिसका देणारा आहे, आणि अंगातले बळच निघून माणूस धाडकन खाली बसतो असाही आहे. स्थानिक वर्गात पहिला प्रश्न भानाचा: झटक्याच्या वेळी शुद्ध होती का? शुद्ध होती हे कसे ठरवायचे? रुग्ण त्या वेळी प्रतिसाद देतो का, आणि नंतर त्याला ते आठवते का, या दोन गोष्टींवरून. म्हणून जाणते डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, झटका चालू असताना त्याला 'संत्रं' असा एखादा शब्द सांगा आणि नंतर विचारा, मी काय म्हणालो होतो? चरकाच्या 'स्मृती'ला आधुनिक यादीत अशी जागा मिळाली आहे.

सारखे दिसणारे दोन झटके वेगवेगळ्या घरांत का टाकायचे, याचे एक उदाहरण. चौथीतला मुलगा वर्गात टक लावून बसतो, बाई हाक मारतात, उत्तर नाही. पहिली शक्यता: पाच-दहा सेकंदांत तो एकदम भानावर येतो आणि सोडलेले वाक्य पुढे लिहू लागतो, असे दिवसातून वीसदा होते. दुसरी शक्यता: मिनिट-दीड मिनिट टक लागते, ओठ चाटल्यासारखे हलतात, हात शर्टाच्या गुंड्यांशी चाळा करतात, नंतर काही वेळ तो गोंधळलेला राहतो; त्याआधी कधी कधी "पोटातून काहीतरी वर चढतं," असे तो सांगतो. पहिला सर्वव्यापी 'अ‍ॅब्सेन्स' झटका. त्याच्या निदानासाठी डॉक्टर टेबलावर कागदाची भिंगरी ठेवतात आणि मुलाला जोरजोरात फुंकायला सांगतात. खोल श्वासांनी झटका तिथेच उमटतो. दुसरा स्थानिक, बहुधा कानशिलामागच्या टेम्पोरल भागातला. तिथे एमआरआय करून मेंदूत जखम, गाठ, व्रण आहे का ते पाहावे लागते. दुसऱ्याला उपयोगी पडणारे कार्बामाझेपिन पहिल्याला दिले तर त्याचे हरवणे वाढू शकते.

झटका आणि आजार

ताप आणि मलेरिया यांत जे नाते, तेच झटका आणि अपस्मार यांत. झटका ही घटना आहे. झटके पुन:पुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या दहा टक्क्यांपर्यंत माणसांना आयुष्यात एखादा झटका येऊन जातो. अपस्मार असलेले सुमारे पाच कोटी आहेत. चोवीस तासांहून अधिक अंतराने, कोणत्याही तात्कालिक कारणाशिवाय दोन झटके आले तर अपस्मार म्हणायचे, हा जुना नियम. २०१४ पासून त्यात भर पडली: झटका एकच आला असला, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याचा धोका किमान साठ टक्के दिसत असेल, तरी तो अपस्मार. त्याच व्याख्येने सुटकेचाही रस्ता दिला. दहा वर्षे झटका नाही आणि त्यातली शेवटची पाच वर्षे औषधही नाही, तर अपस्मार 'मिटला' असे म्हणता येते.

२०१७ च्या मांडणीप्रमाणे डॉक्टर तीन पायऱ्या चढतात. झटक्याचा प्रकार, मग अपस्माराचा प्रकार, मग शक्य असेल तर त्याचा 'सिंड्रोम', म्हणजे वय, झटके, ईईजी आणि पुढची वाटचाल यांचे ओळखीचे चित्र. प्रत्येक पायरीवर कारणही शोधायचे. कारणांचे सहा कप्पे आहेत: मेंदूच्या रचनेतील दोष, जनुकीय, संसर्ग, चयापचय, प्रतिकारशक्तीची गडबड आणि अज्ञात.

संसर्गाचा कप्पा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात भारतात सीटी स्कॅन पसरले आणि झटके येणाऱ्या तरुणांच्या मेंदूत एक छोटा गोल ठिपका दिसू लागला. बहुतेकांना तो क्षयाची गाठ वाटे आणि रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी दाखवून दिले की यांतले बहुसंख्य ठिपके डुकरात वाढणाऱ्या पट्टकृमीच्या मरत्या अळीचे असतात आणि पुष्कळदा ते आपोआप विरतात. एका ठिपक्याचे नाव बदलले आणि कित्येक रुग्णांची उपचाराची दिशा बदलली. "आम्ही तर माळकरी, आम्हाला कसं होईल?" असे लोक विचारतात. या कृमीची अंडी बाधित माणसाच्या मैल्यातून माती-पाण्यात, तिथून न धुतलेल्या सांबारावर, मुळ्यावर येतात आणि शाकाहाऱ्याच्याही पोटात जातात.

सात वर्षे धांदरट

आता बहिणीकडे वळतो. त्या दिवाळीनंतर एका डॉक्टरांनी तिला तपासले. आम्ही सांगितले ते एवढेच: पडली, ताठ झाली, आचके आले. त्यांनी कार्बामाझेपिन सुरू केले. मोठे झटके कमी झाले, पण सकाळी हातातून वस्तू पडणे वाढले. फणी, दुधाचे भांडे, टूथब्रश. आई तिला धांदरट म्हणायची, मीही म्हणायचो. हे झटके असतील असे आमच्या मनातही आले नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांना सांगितले नाही. आणि त्यांनीही विचारले नाही. प्रत्येक दिवाळीला, लग्नाला, रात्रीच्या अभ्यासाला ती पुन्हा कोसळायची. दरम्यान कोणीतरी मला सांगितले की कर्नाटकात कढत पाणी डोक्यावर ओतल्याने झटके येणारे पुष्कळ रुग्ण आढळले आहेत. नरकचतुर्दशीचे न्हाणे आठवून मी घरात कढत पाणीच बंद करवले. सगळ्यांनी वर्षभर कोमट पाण्याने अंघोळ केली. फरक शून्य.

१९९६ मध्ये धंतोलीतल्या एका न्यूरॉलॉजिस्टनी तिला चार प्रश्न विचारले. त्यातला पहिला: "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?" बहिणीने माझ्याकडे पाहिले. दुसरा: "आदल्या रात्री झोप कमी झालेली असते का?" त्यांनी ईईजी काढला आणि चिठ्ठीवर नाव लिहिले: ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. जर्मनीच्या डीटर यान्झ यांनी १९५७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले होते. किशोरवयात सुरुवात, जाग आल्यावर शुद्धीतच बसणारे खांद्याचे हिसके, अपुऱ्या झोपेनंतर मोठा झटका. कार्बामाझेपिन हे हिसके वाढवू शकते, हेही ज्ञात होते. औषध बदलले. दोन महिन्यांत कप फुटणे थांबले. आई त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून म्हणाली, "सात वर्षं मी पोरीला धांदरट म्हणत होते रे."

आणखी एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. १९८९ ची ती यादी, जिच्यात या आजाराला स्वतंत्र जागा होती, दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय अपस्मार परिषदेच्या वेळी मान्य झाली. महिना ऑक्टोबर. त्याच महिन्यात, नागपुरात, आमच्या घरात कांदा फोडला जात होता.

कायद्याने केलेले वर्गीकरण

वर्गीकरण दवाखान्याबाहेरही होत असते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. १९७६ मध्ये त्याच्या कलम ५ मध्ये दुरुस्ती झाली आणि विवाहाला अपात्र ठरवणाऱ्या अटींत वेडाचे वारंवार झटके आणि अपस्माराचे वारंवार झटके एकाच ओळीत बसवले गेले. त्या आधारावर झालेले लग्न रद्द करून घेता येत असे. न्यूरॉलॉजीने अपस्मार हा मेंदूच्या विद्युत कार्याचा आजार म्हणून केव्हाच वेगळा ठेवला होता, कायद्याने मात्र तो वेडाच्या शेजारी नेऊन बसवला. डिसेंबर १९९९ मध्ये विवाह कायद्यांच्या दुरुस्तीने 'किंवा अपस्मार' हे शब्द हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकले.

बहिणीचे पहिले स्थळ १९९८ मध्ये याच कारणाने मोडले. वडिलांचे म्हणणे, सांगितलेच नसते तर? मी दुकानात आलेल्या एका वकिलांकडून कलम समजून घेतले होते. लपवले असते तर लग्न झाल्यावरही ते कोर्टात मोडू शकले असते. आज ती अट राहिलेली नाही, पण महत्त्वाची गोष्ट दडवून लग्न लावणे आजही अंगलट येऊ शकते. २००० साली आलेल्या दुसऱ्या स्थळाला तिने स्वतःच सगळे सांगितले, आजाराच्या पूर्ण नावासकट. मुलगा महावितरणात नव्हे, पण विजेच्याच कामातला होता. म्हणाला, "म्हणजे लोड वाढला की ट्रिप होतं, एवढंच ना? झोप सांभाळायची." तिला नाव ठाऊक होते म्हणून ती नीट सांगू शकली. पुढे गर्भारपणाआधीही तेच नाव कामाला आले, कारण व्हॅल्प्रोएटने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी आधीपासून डोस कमीत कमी ठेवून फॉलिक अ‍ॅसिड दिले. भाची आता कॉलेजात आहे.

सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही. म्हणूनच पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या 'संवेदना' या स्वमदत गटाने अपस्मार असलेल्या मुलामुलींच्या लग्नासाठीही काम उभे केले, याचे मोल मला फार वाटते.

पाहणाऱ्याचे काम

अपस्माराचे नेमके निदान होऊन योग्य उपचार मिळाले, तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या 'नेमके' या शब्दात घरच्यांचा वाटा मोठा आहे. रुग्णाला स्वतःला बहुधा काहीच आठवत नाही. डॉक्टर तिथे नसतात. पाहणारे आपण असतो, आणि आपण कांदा शोधत असतो.

बहुतेक मोठे झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा-चप्पल तेवढ्यात येऊन पोचतात एवढेच. त्याऐवजी माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटली, किंवा भान न येताच दुसरा झटका सुरू झाला, तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. आणि दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण करावे, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी.

नंतर कागदावर लिहावे: त्या वेळी तो काय करत होता, झोप झाली होती का, आधी काही जाणवले का, डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली, आचके कुठून सुरू झाले, किती वेळ चालले, भानावर यायला किती वेळ लागला. आणि एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी: सकाळी वस्तू पडतात का, बोलता बोलता हरवतो का. काउंटरवर 'फीटची गोळी' मागायला येणाऱ्यांना मी शेवटची काही वर्षे हे प्रश्न छापलेला एक कागद देत असे. मालकांनी झेरॉक्सचे पैसे कधी मागितले नाहीत.

काटोलचे ते आजोबा पुन्हा आले नाहीत. त्यांच्या नातवाला कोणता झटका होता, हे मी त्या दिवशी विचारू शकलो असतो. पण तेव्हा काय विचारायचे, हेच मला माहीत नव्हते.

बहीण आता पन्नाशीत आहे. औषध एकदा बंद करून पाहिले होते. चौथ्या महिन्यात सकाळी हातातली कंगवा-फणी उडाली, आणि तिने स्वतःच दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. दिवाळीच्या चकल्या ती दुपारी तळते. रात्री दहाला झोपते. नरकचतुर्दशीला सगळे घर चारला उठले, तरी ती सहाला उठून न्हाते, कढत पाण्याने.